मधुमेही मांजर शेजाऱ्यांच्या स्वाधीन करताना : सुई केव्हा टाळायची, ते आधी शिकवा

मुंबई : गौरी-गणपतीला कोकणात जायचे असो, दिवाळीची सुटी असो वा नात्यातले लग्न, इंदूर, बडोदे, बंगळुरू वा दिल्लीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाच्या घराला वर्षातून एक-दोनदा चार-आठ दिवसांसाठी कुलूप लागतेच. घरात मांजर असेल, तर खाणे, पाणी आणि वाळूचा ट्रे यांची जबाबदारी शेजाऱ्यांवर सोपवून निघता येते. मात्र त्या मांजराला मधुमेह असेल आणि दर बारा तासांनी इन्शुलिन द्यावे लागत असेल, तर घराच्या किल्लीबरोबर एका जिवाचा औषधोपचारही दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो.

अशा वेळी बहुतेक मालकांचा सारा भर एकाच गोष्टीवर असतो : समोरच्याला सुई टोचता येते की नाही. वस्तुतः हे कौशल्य थोड्या सरावाने कोणालाही येते. अडचण उभी राहते ती वेगळ्याच क्षणी. मांजराने सकाळचे खाणे तोंडात घेतले नाही, टोचताना ते निसटले आणि औषध आत गेले की केसांवर सांडले ते कळले नाही, किंवा घरातल्या दुसऱ्या कोणी आधीच मात्रा दिली आहे का, याची खात्री उरली नाही. अशा प्रसंगी ‘औषध चुकायला नको’ या सद्हेतूने माणूस पुन्हा टोचतो आणि नेमकी तीच चूक मांजराच्या जिवावर बेतू शकते. म्हणूनच इन्शुलिन कसे द्यायचे, याइतकेच ते केव्हा द्यायचे नाही, हे सांभाळणाऱ्याला शिकवणे आवश्यक ठरते.

आजार आणि त्याची चोरपावले

मांजरांमधील मधुमेह बहुतांशी माणसांतील टाइप-२ प्रकाराशी मिळताजुळता असतो. स्वादुपिंडातून इन्शुलिन स्रवते, परंतु ते अपुरे पडते आणि शरीराच्या पेशीही त्याला पुरेशी दाद देत नाहीत. उतारवय, वाढलेले वजन, चार भिंतींतले बैठे जगणे आणि स्टेरॉइड औषधांचा वापर ही त्यामागची प्रमुख कारणे होत. बोक्यांमध्ये त्याचे प्रमाण अधिक आढळते. पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांनुसार साधारणतः १०० ते ५०० मांजरांमागे एकाला हा आजार असतो. सतत पाणी पिणे, भरपूर लघवी होणे, खाणे वाढूनही वजन घटणे ही त्याची ठळक लक्षणे. आजार दीर्घकाळ आटोक्यात नसेल, तर नसा दुबळ्या होऊन मांजर मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालू लागते.

मांजरांच्या मधुमेहाचे एक वैशिष्ट्य मात्र सांभाळणाऱ्याने मुद्दाम जाणून घ्यावे असे आहे. उपचार लवकर सुरू झाले आणि कर्बोदके कमी असलेला आहार मिळाला, तर काही मांजरांची इन्शुलिनची गरज हळूहळू कमी होत जाते, क्वचित पूर्णपणे संपतेही. ही आनंदाचीच बाब. पण हा बदल सांगून येत नाही. गेल्या महिन्यात अगदी योग्य असलेली मात्रा या महिन्यात जास्त ठरू शकते. म्हणजे सांभाळणाऱ्याने सारे काही नेमके सांगितल्याप्रमाणे केले, तरीही मांजराच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याची शक्यता शिल्लक राहतेच. त्याला दोष न देता, तो प्रसंग ओळखायला शिकवणे हाच त्यावरचा उपाय.

बारा तासांचे बंधन

इन्शुलिन घेणाऱ्या बहुतेक मांजरांना दिवसातून दोनदा, बारा-बारा तासांच्या अंतराने इंजेक्शन द्यावे लागते. सकाळी सातला दिले तर संध्याकाळी सातला पुन्हा. एखाद्या तासाची तफावत सहसा चालते, परंतु दिवसाची आखणी या घड्याळाभोवतीच करावी लागते. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजमधील संशोधकांनी मधुमेही मांजरांच्या मालकांकडून माहिती घेऊन तयार केलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. या आजाराने मालकांच्या जगण्यावर सर्वाधिक विपरीत परिणाम कोठे होतो, याची जी यादी त्यातून पुढे आली, तिच्या वरच्या भागात खर्चाआधीच मांजराला बोर्डिंगमध्ये ठेवण्यातील वा आप्त-मित्रांकडे सोपवण्यातील अडचणी आणि साखर एकाएकी उतरण्याची धास्ती या बाबी होत्या.

ही धास्ती अनाठायी नाही. मात्र तिच्यापोटी वर्षानुवर्षे घर न सोडणे हाही मार्ग नव्हे. आजारी नातेवाइकाला भेटायला जाणे, अंत्यविधीला पोहोचणे अशा गोष्टी पुढे ढकलता येत नाहीत. त्यामुळे प्रवास ठरो वा न ठरो, मांजराला सांभाळू शकेल असे किमान एक माणूस आधीपासून तयार ठेवावे.

चुकलेली मात्रा आणि जादा मात्रा

सांभाळणाऱ्याच्या मनावर एक गोष्ट ठसवली पाहिजे. इन्शुलिनची एखादी मात्रा चुकली, तर सुस्थितीतील मांजराची साखर काही तास वाढलेली राहते, ते जास्त पाणी पिते, जास्त लघवी करते. पुढच्या वेळेला नेहमीची मात्रा दिली की गाडी रुळावर येते. याउलट एकच मात्रा दोनदा दिली गेली, तर साखर काही तासांत इतकी खाली येऊ शकते की मेंदूला इंधन अपुरे पडते. झटके, बेशुद्धी आणि मृत्यू हा त्याचा पुढचा क्रम. दोन्ही चुका आहेत, परंतु त्यांचे वजन सारखे नाही.

यावरून तीन साधे नियम निघतात. पहिला, औषध आत गेले की बाहेर सांडले याविषयी शंका असेल, तर पुन्हा टोचायचे नाही. पुढच्या ठरल्या वेळेची वाट पाहायची. दुसरा, आधीची मात्रा दिली गेली की नाही हे निश्चित सांगता येत नसेल, तर ती दिली गेली असेच मानायचे. तिसरा, चुकलेली मात्रा भरून काढण्यासाठी पुढची मात्रा कधीही वाढवायची नाही. एकाहून अधिक मात्रा ओळीने चुकत असतील, तर मात्र पशुवैद्यकांना कळवणे आवश्यक आहे.

दोनदा टोचले जाण्याचा प्रसंग प्रायः एकाच कुटुंबातले दोघे मिळून मांजराकडे पाहतात तेव्हा येतो. सकाळी काका देऊन गेले आणि त्यांनी दिले नसावे असे समजून काकूंनी पुन्हा दिले. हे टाळण्याचा उपाय अगदी साधा आहे. फ्रिजच्या दारावर एक कागद लावावा आणि त्यावर तारीख, वेळ, खाल्ले किती, मात्रा किती आणि कोणी दिली, असे रकाने आखावेत. सुई टोचल्याक्षणी नोंद करायची, नंतर नव्हे. इंजेक्शनची जबाबदारी शक्यतो एकाच व्यक्तीकडे ठेवावी.

कुपी, सिरिंज आणि भारतातील एक खास धोका

भारतात इन्शुलिनची सुई हाताळणाऱ्यांची वानवा नाही. ‘आयसीएमआर-इंडियाब’ या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. शेजारच्या मावशी किंवा वरच्या मजल्यावरचे आजोबा स्वतःच इन्शुलिन घेत असतील, तर मांजरासाठी त्यांच्याइतके योग्य कोणी नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. हात सरावलेला असतो, हे खरेच. पण याच सरावात एक सापळाही दडलेला आहे.

आपल्याकडे माणसांसाठीच्या इन्शुलिनच्या अनेक कुप्या दर मिलिलिटरला ४० युनिट या शक्तीच्या असतात. ग्लार्जिनसारखे दीर्घकाळ काम करणारे इन्शुलिन मात्र दर मिलिलिटरला १०० युनिट शक्तीचे असते आणि मांजरांसाठी पशुवैद्यक अनेकदा तेच लिहून देतात. दोन्हींच्या सिरिंजा वेगवेगळ्या. ४० युनिटच्या सिरिंजचे टोपण सामान्यतः लाल, तर १०० युनिटच्या सिरिंजचे नारिंगी असते. औषधाच्या दुकानातून घाईत दुसरीच सिरिंज आणली गेली, तर हिशेब पार बिघडतो. मांजराला २ युनिट द्यायचे आहेत आणि १०० युनिट शक्तीचे इन्शुलिन ४० युनिटच्या सिरिंजमध्ये २ च्या रेघेपर्यंत भरले, तर प्रत्यक्षात ५ युनिट, म्हणजे अडीच पट औषध शरीरात जाते. उलट अदलाबदल झाली, तर २ ऐवजी १ युनिटही मिळत नाही.

माणसाला १५-२० युनिट घ्यावे लागणे ही सामान्य गोष्ट आहे; मांजराची सुरुवातीची मात्रा मात्र बहुधा एका वेळी १ ते २ युनिटच असते. त्यामुळे ज्याला स्वतःच्या मोठ्या मात्रेची सवय आहे, त्याच्या नजरेला सिरिंजमधला हा थेंब ‘अगदीच थोडा’ वाटू शकतो. सिरिंज नेमकी कोणत्या रेघेपर्यंत भरायची, याचे जवळून घेतलेले छायाचित्र छापून कुपीशेजारी ठेवावे. प्रवास संपेपर्यंत पुरतील एवढ्या सिरिंजा आणि शक्य झाल्यास एक जादा कुपी स्वतः आणून ठेवावी, म्हणजे सांभाळणाऱ्याला दुकानात जाण्याची वेळच येणार नाही. मांजराची कुपी माणसांच्या औषधांत मिसळू नये म्हणून ती वेगळ्या डब्यात, वर ठळक नाव लिहून ठेवावी.

इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात टिकते. ते फ्रीझरमध्ये किंवा त्याला चिकटून ठेवू नये. एकदा गोठलेले इन्शुलिन वितळल्यावर तसेच दिसले, तरी निरुपयोगी झालेले असते. उन्हाळ्यात दीर्घकाळ वीज गेली तर काय करायचे, हेही सांगून ठेवावे. फ्रिजचे दार न उघडणे हा पहिला उपाय. त्यानंतर पाण्याने भिजवलेल्या मातीच्या मडक्यात, कोरड्या बंद डब्यात कुपी ठेवण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी पडते. कुपी कधीही जोरात हलवायची नाही. गढूळ दिसणारे इन्शुलिन असेल, तर ती तळहातांमध्ये हळुवार फिरवायची. नेहमी स्वच्छ दिसणारे औषध गढूळ झाले किंवा त्यात कण दिसले, तर ते वापरायचे नाही.

आधी खाणे, मग सुई

सुई देण्यापूर्वी मांजर खाते आहे का, हे पाहणे हा दिनक्रमातील सर्वांत महत्त्वाचा भाग. खाणे समोर ठेवावे, मांजर खाऊ लागले की मानेपासून पाठीच्या बाजूंपर्यंतची सैल कातडी चिमटीत उचलून त्या घडीत सुई द्यावी. दर वेळी जागा थोडी बदलावी. पुष्कळ मांजरांना खाण्याच्या नादात टोचल्याचे कळतही नाही.

मांजराने खाल्ले नाही किंवा उलटी केली, तर पूर्ण मात्रा देऊ नये आणि पशुवैद्यकांना विचारावे, असा सामान्य दंडक आहे. मात्र ‘अर्धे खाल्ले तर किती द्यायचे’ याचे उत्तर मांजरागणिक आणि इन्शुलिनच्या प्रकारागणिक बदलते. ते मालकाने अंदाजाने सांगू नये. प्रवासापूर्वी आपल्या पशुवैद्यकांकडून लेखी घ्यावे.

खाण्यातील बदलही औषधाइतकाच परिणाम घडवतो. मांजर हा मूलतः मांसाहारी प्राणी. मधुमेही मांजराला प्रथिने भरपूर आणि कर्बोदके कमी असलेला, रोज सारखाच आहार दिला जातो. सांभाळणाऱ्याने लाडाने दूध-पोळी किंवा बिस्किटे दिली, तर साखर वाढते. त्याहून घातक ठरू शकते ती उलट गोष्ट. नेहमीचे कोरडे खाणे संपले म्हणून कमी कर्बोदकांचे ओले खाणे सुरू केले आणि इन्शुलिन तेवढेच ठेवले, तर साखर एकदम उतरू शकते. म्हणून मालकाच्या गैरहजेरीत आहार बदलू नये. पुरेल इतके खाणे मोजून, शक्य तर वेळेनुसार पुड्या करून ठेवावे. नेहमी हावरेपणाने खाणारे मांजर पूर्ण दिवस खात नसेल, तर ते लाडीगोडीने सोडून देण्यासारखे लक्षण नव्हे. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

साखर उतरली तर

रक्तातील साखर दर डेसिलिटरला ६० मिलिग्रॅमच्या खाली जाणे धोक्याचे समजले जाते. पण सांभाळणाऱ्याजवळ यंत्र असेलच असे नाही, आणि घरातले माणसांचे ग्लुकोमीटर मांजराच्या रक्ताची साखर बहुधा प्रत्यक्षाहून कमी दाखवते. कारण मांजराच्या रक्तातील जवळपास सारी साखर द्रवभागात असते, लाल पेशींत फारच थोडी. त्यामुळे आकड्यापेक्षा लक्षणे ओळखता येणे अधिक उपयोगाचे.

मांजर एकाएकी मलूल होणे, झोकांड्या खाणे, डोके एका बाजूला झुकणे, नजर हरवल्यासारखी होणे, अकारण ओरडणे वा अधाशासारखे खाणे मागणे, अंग थरथरणे ही प्राथमिक चिन्हे. पुढे झटके येतात आणि शुद्ध हरपते. इंजेक्शननंतर काही तासांनी, औषधाचा जोर सर्वाधिक असताना, हे घडण्याची शक्यता अधिक. ही वेळ इन्शुलिनच्या प्रकारानुसार बदलते. म्हणून सुई देऊन दार ओढून घेण्याऐवजी, पशुवैद्यकांना विचारून ठेवलेल्या वेळी एकदा डोकावून जाणे श्रेयस्कर.

अशी चिन्हे दिसताच मांजर शुद्धीवर आणि गिळू शकत असेल, तर त्याला लगेच नेहमीचे खाणे द्यावे. खात नसेल, तर मध, साखरेचा पाक किंवा ग्लुकोज पावडरचे दाट द्रावण बोटाने हिरड्यांवर चोळावे. बेशुद्ध मांजराच्या घशात काहीही ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. झटके येत असताना दातांमध्ये बोट घालू नये. हे करता करताच पशुवैद्यकांना फोन करावा आणि मांजराला दवाखान्यात न्यावे. मधाने मांजर तरतरीत झाले, तरी टोचलेले इन्शुलिन अजून काम करीत असते आणि साखर पुन्हा उतरू शकते. लक्षणे साखर उतरल्याची की वाढल्याची हे उमगत नसेल, तरी हिरड्यांना मध लावण्याने मोठे नुकसान होत नाही. न लावण्याने होऊ शकते.

दुसऱ्या टोकालाही एक संकट आहे. इन्शुलिनअभावी शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात कीटोन नावाची आम्लधर्मी द्रव्ये साचतात. उलट्या, अन्नावरची वासना उडणे, कमालीचा थकवा, श्वासाला गोडसर उग्र वास ही त्याची लक्षणे. यात घरगुती इलाज नाही, त्वरित रुग्णालयच. अमेरिकेत २०२२ आणि २०२३ मध्ये काही मधुमेही मांजरांसाठी बेक्साग्लिफ्लोझिन आणि व्हेलाग्लिफ्लोझिन ही तोंडाने द्यायची औषधे मंजूर झाली. त्यांत सुईचा त्रास नाही, परंतु रक्तातील साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोन साचण्याचा धोका असतो. म्हणून अशा औषधावरील मांजराने खाणे सोडले, तर आकडा चांगला दिसतो म्हणून स्वस्थ बसता येत नाही.

मांजर घरी की बोर्डिंगमध्ये

मांजराला माणसापेक्षा जागेचा लळा अधिक, असे म्हटले जाते. मधुमेहाच्या बाबतीत त्याला शरीरशास्त्राचाही आधार आहे. भीती आणि ताण यांमुळे मांजराच्या रक्तातील साखर झपाट्याने वाढते. निरोगी मांजराचीही साखर केवळ तणावाने दर डेसिलिटरला ३०० मिलिग्रॅमच्या घरात जाऊ शकते. परक्या जागी, कुत्र्यांच्या भुंकण्यात ठेवलेले मांजर खाणेही सोडते. त्यामुळे आजार स्थिर असेल, तर मांजराने स्वतःच्या घरी राहावे आणि सांभाळणाऱ्याने तेथे यावे, ही पद्धत सहसा बरी. आजाराचे निदान नुकतेच झाले असेल, मात्रा अलीकडेच बदलली असेल किंवा साखर सतत वर-खाली होत असेल, तर मात्र ते शेजाऱ्यांवर सोपवण्याजोगे काम नव्हे. अशा वेळी पशुवैद्यकांच्या देखरेखीखालील बोर्डिंग शोधावे अथवा शक्य असल्यास प्रवास पुढे ढकलावा.

निघण्यापूर्वी

तयारीला किमान दोन आठवडे हाताशी असावेत. सांभाळणाऱ्याने आधी एक-दोनदा नुसते पाहावे, मग मालकाच्या देखत तीन-चार इंजेक्शने स्वतः द्यावीत. हात बसवण्यासाठी मोसंबीत साधे पाणी टोचून पाहता येते. टोचताना मांजर फिस्कारले किंवा ओरखडले म्हणून घाबरणाऱ्या व्यक्तीला भिडेपोटी हे काम लावू नये. तिने प्रामाणिकपणे नकार दिला, तर तो उपकारच समजावा.

पशुवैद्यकांना प्रवासाच्या तारखा आणि सांभाळणाऱ्याचे नाव कळवावे. आपला फोन लागला नाही, तर उपचार सुरू करण्याची लेखी परवानगी आणि खर्चाची तजवीज करून ठेवावी. रात्री उघडा असणारा लहान प्राण्यांचा दवाखाना आपल्या शहरात कोठे आहे, याची चौकशी दिवसाउजेडी करावी. लहान शहरांत तो सापडणे कठीण असते. तसे असेल तर रात्री कोणत्या पशुवैद्यकांना फोन करायचा, हे त्यांच्याशी आधीच बोलून ठरवावे. मांजराला नेण्याची बास्केट माळ्यावर न ठेवता दाराजवळ ठेवावी. वापरलेल्या सुया टोपण न लावताच जाड प्लास्टिकच्या बरणीत टाकाव्यात. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांत त्यांची गणना घरगुती घातक कचऱ्यात करण्यात आली होती. कचरा वेचणाऱ्याच्या हाताला त्या लागू नयेत, हा त्यामागचा हेतू.

सूचनांचे बाड मात्र करू नये. दहा पाने लिहिलेली वही घाबरलेला माणूस उघडत नाही. फ्रिजवरच्या एका कागदावर चार ओळी मोठ्या अक्षरांत पुरतात : खाल्ले तरच सुई. शंका असेल तर पुन्हा सुई नाही. झोकांडी, थरथर दिसली तर हिरड्यांना मध आणि डॉक्टरांना फोन. मात्रा चुकली तर घाबरू नका, आम्हाला कळवा.

यातली शेवटची ओळ अनेकदा लिहायची राहून जाते. दुसऱ्याचे जनावर सांभाळणाऱ्याला सर्वांत मोठी भीती असते ती आपल्या हातून चूक झाल्याचे सांगण्याची. त्या भीतीपोटी तो चूक लपवतो किंवा घाईने दुरुस्त करू पाहतो. चुकलेली मात्रा ही क्षम्य गोष्ट आहे, हे निघण्यापूर्वीच त्याला स्पष्टपणे सांगितले, तर आठ दिवसांत येणारा प्रत्येक संशय फोनवर येईल आणि त्यावर वेळीच निर्णय घेता येईल. परतल्यावर नोंदींचा कागद पशुवैद्यकांना दाखवावा. मांजराची गरज बदलते आहे का, हे त्यावरून पुढच्या प्रवासाआधीच लक्षात येऊ शकते.